क्लिक-जाहिरातदारांच्या ग्रुपमध्ये चर्चा कशी सुरू करावी

नागपुरात गूगलवर क्लिकमागे पैसे मोजून जाहिराती चालवणाऱ्यांचा ग्रुप तयार करणे अवघड नाही. एजन्सीत काम करणारे, घरी बसून पुण्या-मुंबईच्या क्लायंटांची अकाउंट सांभाळणारे, एखाद्या हॉस्पिटलच्या किंवा कोचिंग क्लासच्या कार्यालयात हेच काम करणारे, असे सगळे थोड्याच दिवसांत व्हॉट्सअॅपवर एकत्र येतात. पुढे मात्र सणांच्या शुभेच्छा, नोकरीचे संदेश आणि कुठल्यातरी इंग्रजी लेखाचा दुवा याखेरीज तिथे फारसे काही येत नाही, आणि अॅडमिनने "कोणाला काही अडचण असेल तर मोकळेपणाने विचारा" असे लिहिले की उत्तरादाखल दोन-चार अंगठे तेवढे उमटतात. सदस्यांना रस उरला नाही, असा या शांततेचा अर्थ बहुतेक अॅडमिन लावतात. माझ्या मते मूळ कारण धंद्यातले आहे. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलच्या जाहिराती जो पाहतो आणि रामदासपेठेतल्या दुसऱ्या हॉस्पिटलच्या जो पाहतो, ते दोघेही त्याच ग्रुपमध्ये असतात आणि त्याच कीवर्डवर (ज्या शोधशब्दावर जाहिरात दिसावी त्यावर) रोज एकमेकांविरुद्ध बोली लावत असतात. अशा माणसाने आपला क्लिकमागचा खर्च सर्वांसमक्ष का सांगावा? म्हणून चर्चा घडवू पाहणाऱ्याला आधी हे पाहावे लागते की उत्तर देणाऱ्याचे गुपित फुटणार नाही, आणि तरीही त्याला स्वतःच्या कामातले काहीतरी सांगावेसे वाटेल, असा प्रश्न आपल्याला मांडता येतो का.

प्रश्न कसा मांडावा

"परफॉर्मन्स मॅक्सबद्दल आपले मत काय?" हा गूगलच्या सर्व जागांवर आपोआप चालणाऱ्या कॅम्पेनबद्दलचा प्रश्न वाचणाऱ्याला निबंध लिहावा लागेल, आणि दुपारी चार वाजता क्लायंटचा फोन कानाला लावून कोणी निबंध लिहीत नाही. प्रश्नात एक विशिष्ट धंदा, एक कालखंड, दोन-तीन आकडे आणि एक न झालेला निर्णय असला पाहिजे. लोक विषयावर क्वचित बोलतात, पण दुसऱ्याच्या अडलेल्या निर्णयावर हमखास बोलतात, कारण तिथे त्यांना आपला अनुभव दोन ओळींत वापरता येतो.

नमुना म्हणून एक संदेश पाहू. यातले आकडे कल्पित आहेत, पण त्यांची रचना खऱ्या अकाउंटमध्ये दिसते तशीच आहे. (सर्च कॅम्पेन म्हणजे शोधनिकालांत दिसणाऱ्या जाहिराती; इम्प्रेशन शेअर म्हणजे जाहिरात जितक्या वेळा दिसू शकली असती त्यांपैकी प्रत्यक्ष किती टक्के वेळा दिसली ते; रँक म्हणजे बोली आणि दर्जा यांवरून ठरणारा जाहिरातीचा क्रम.)

"क्लायंट कूलरविक्रेता, दुकान नागपुरातच. फक्त सर्च कॅम्पेन, दिवसाचे बजेट मार्चपासून बदललेले नाही. मार्चच्या मध्यावर इम्प्रेशन शेअर ६० टक्के होता, बजेटमुळे गमावलेला १० आणि रँकमुळे गमावलेला ३०. एप्रिलच्या मध्यावर इम्प्रेशन शेअर ३५, बजेटमुळे गमावलेला ३५, रँकमुळे गमावलेला ३०. क्लायंट बजेट वाढवायला तयार आहे. मला मात्र आधी परीघ कमी करावासा वाटतो, कारण बुटीबोरी आणि कामठीकडून फोन येतात पण ते लोक दुकानात येत नाहीत. तुम्ही असता तर आधी काय केले असते?"

हा संदेश चालतो, याची कारणे त्याच्या मांडणीत आहेत. तिन्ही टक्क्यांची बेरीज दोन्ही वेळा शंभर होते, त्यामुळे जाणकाराला आकडे एकमेकांशी जुळतात हे लगेच कळते. रँकमुळे गमावलेला हिस्सा जागचा हललेला नाही, म्हणजे बोली किंवा जाहिरातीचा दर्जा बिघडलेला नसून मागणी वाढली आणि पैसे अपुरे पडू लागले, हे निदान वाचणाऱ्याला स्वतः करता येते, आणि स्वतः निदान केलेला माणूस गप्प राहत नाही. लिहिणाऱ्याने आपली बाजूही सांगितली आहे. "तुम्हीच सांगा" असे म्हणून हात झटकणाऱ्यापेक्षा "मला असे वाटते" म्हणणाऱ्याला उत्तर मिळते, कारण त्याच्याशी असहमत होता येते. शेवटी प्रश्न एकच आहे. एका संदेशात चार प्रश्न विचारले की प्रत्येक जण दुसरा कोणी उत्तर देईल या भरवशावर राहतो.

अशा संदेशावर पहिले उत्तर बहुधा अनपेक्षित दिशेने येते. कोणीतरी सर्च टर्म्सबद्दल, म्हणजे लोकांनी प्रत्यक्षात टाइप केलेल्या शोधांबद्दल, विचारतो, "भाऊ, सर्च टर्म्स पाहिल्या का? 'कूलर किराये से' किती आहे त्यात?" नागपुरात उन्हाळ्यापुरता कूलर भाड्याने घेणारे विद्यार्थी आणि भाडेकरू पुष्कळ आहेत, त्यामुळे विकणाऱ्याचे पैसे भाड्याच्या शोधांवर जाऊ शकतात. दुसरा जुन्या कूलरच्या शोधांचे विचारतो, तिसरा दुरुस्तीचे, चौथा म्हणतो की निगेटिव्ह कीवर्डची (ज्या शोधांवर जाहिरात नको त्या शब्दांची) यादी मराठी, हिंदी आणि रोमन लिपी अशा तिन्ही रूपांत लिहिल्याशिवाय उपयोग नाही. बजेट आणि परीघ यांच्यातली निवड मागे पडते आणि त्याहून उपयोगी गोष्ट पुढे येते. इथे अॅडमिनने "विषयाला धरून बोला" असे म्हणू नये.

आकडे झाकूनही खरे कसे ठेवावेत

भीती कमी करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे रुपये न सांगता प्रमाण सांगण्याची रीत ग्रुपमध्ये रुजवणे. क्लिकमागे किती रुपये पडले हे सांगण्याऐवजी मार्च महिना १०० धरला तर एप्रिल १४० झाला, असे सांगावे. लीडचा, म्हणजे एका चौकशीचा, खर्च किती हे न सांगता तो ब्रँड कॅम्पेनच्या (क्लायंटच्या नावाच्या शोधांवर चालणाऱ्या कॅम्पेनच्या) किती पट आहे हे सांगावे. क्लायंटचे नाव, दुकानाचा रस्ता आणि संकेतस्थळ वगळावे, पण धंद्याचा प्रकार आणि ऋतू कधीही वगळू नये, कारण त्यांच्याविना आकडा निरर्थक होतो. ही रीत नियम म्हणून चिकटवण्यापेक्षा अॅडमिनने आणि दोन-तीन जुन्या सदस्यांनी स्वतःच्या संदेशांत ती पाळून दाखवावी. नियमांची लांबलचक यादी कोणी वाचत नाही, हे आपल्या सर्वांना गृहनिर्माण सोसायटीच्या ग्रुपमुळे ठाऊक आहे.

स्क्रीनशॉटबाबत अधिक सावध राहावे. गूगल अॅड्सच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात अकाउंटचा दहा अंकी क्रमांक आणि ईमेल पत्ता दिसतो, आणि घाईत काढलेल्या चित्रात तो हमखास राहून जातो. कॅम्पेनच्या नावातही पुष्कळदा क्लायंटचेच नाव असते. त्यामुळे पूर्ण पडदा टाकण्याऐवजी हवा तेवढाच तक्ता कापून टाकावा. एखाद्या सदस्याने चुकून उघडे चित्र टाकले, तर अॅडमिनने सर्वांसमोर कान न उपटता ते काढून टाकावे आणि त्याला खासगीत कळवावे. जाहीर बोलणी खाल्लेला माणूस पुन्हा काही टाकत नाही, आणि ते पाहणारे इतरही टाकत नाहीत.

विषय कुठून आणावेत

गूगलने काहीतरी बदलल्याची बातमी हा सर्वांत स्वस्त विषय, आणि नुसता दुवा टाकला तर सर्वांत निकामीही. सप्टेंबर २०१९ मध्ये जाहिरातीच्या सरासरी स्थानाचा आकडा काढून टाकला गेला, सप्टेंबर २०२० पासून सर्च टर्म्सच्या अहवालातले बरेच शोध दिसेनासे झाले, २०२१ मध्ये मॉडिफाइड ब्रॉड मॅच हा कीवर्ड जुळवण्याचा प्रकार गेला, आणि ३० जून २०२२ नंतर एक्स्पांडेड टेक्स्ट अॅड या प्रकारची जाहिरात नव्याने तयार करता येईना. या प्रत्येक वेळी जाहिरातदारांत भरपूर बोलणे झाले, कारण प्रत्येकाला आपली कामाची पद्धत बदलावी लागली. म्हणून बातमी टाकताना तिच्या खाली "या बदलामुळे तुमच्या कोणत्या अकाउंटमध्ये या आठवड्यात नेमके काय करावे लागेल?" एवढे जोडावे. ज्या बातमीवर या प्रश्नाचे उत्तर "काहीच नाही" असे येते, ती टाकू नये.

त्याहून चांगले विषय शहराच्या वेळापत्रकातून मिळतात. फेब्रुवारी संपताना कूलरवाल्यांची लगबग सुरू होते. दहावी-बारावीच्या निकालांच्या सुमारास कोचिंग क्लासेस आणि अभियांत्रिकी महाविद्यालये एकाच वेळी बोली वाढवतात. आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की काटोल-नरखेडकडचे काही बागायतदार थेट पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला पेटी विकू पाहतात, आणि मग प्रश्न पडतो की नाशवंत मालासाठी किती लांबच्या पिन कोडपर्यंत जाहिरात दाखवावी. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरते तेव्हा सिव्हिल लाइन्स आणि सीताबर्डी परिसरातल्या हॉटेलांत खोल्या मिळत नाहीत. खोल्या भरलेल्याच असतील तर त्या दिवसांत जाहिरात थांबवावी, की तेच पैसे जानेवारीतल्या लग्नांच्या पाहुण्यांवर लावावेत? असा प्रश्न दिवस उजाडण्याच्या तीन-चार आठवडे आधी टाकावा, म्हणजे उत्तर ऐकून कोणाला काही बदलता येईल. अधिवेशन सुरू झाल्यावर टाकलेल्या प्रश्नाला नुसत्या आठवणी मिळतात.

मात्र ज्याची दोन उत्तरे एकाच वेळी बरोबर असू शकतात, त्या विषयाची सर कशालाच नाही. ठिकाणाच्या सेटिंगचे उदाहरण घ्या. नागपूर हे ठिकाण निवडले की गूगल अॅड्स मुळात नागपुरात असलेल्यांना आणि नागपुरात रस दाखवणाऱ्यांना, अशा दोघांनाही जाहिरात दाखवते. फक्त शहरात असलेल्यांपुरती ती मर्यादित करायची तर पर्याय बदलावा लागतो. कूलरवाल्याच्या कॅम्पेनमध्ये हा पर्याय पहिल्याच दिवशी बदलावा, याबद्दल दुमत होणार नाही. पण हॉस्पिटलचे काय? बालाघाट, छिंदवाडा, सिवनी, चंद्रपूर, गडचिरोली इथले रुग्ण उपचारांसाठी नागपूर गाठतात, आणि निघण्यापूर्वी घरच्यांपैकी कोणीतरी मोबाइलवर "नागपूर हार्ट हॉस्पिटल" असे शोधतो. नागपुरात रस दाखवणाऱ्यांचा पर्याय बंद केला तर हा माणूस हातचा जातो. त्यावर दुसरा म्हणेल की या जिल्ह्यांसाठी वेगळे कॅम्पेन करावे, म्हणजे बजेट आणि भाषा दोन्ही ताब्यात राहतील. तिसरा म्हणेल की इतके तुकडे केले तर प्रत्येक कॅम्पेनला शिकण्यापुरते कन्व्हर्जनच (जाहिरातीतून आलेले फोन, फॉर्म किंवा गिऱ्हाईक) मिळणार नाहीत. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. ग्रुपमध्ये हॉस्पिटलवाले आणि दुकानवाले दोघेही असतील, तर "हा पर्याय तुम्ही कोणत्या क्लायंटसाठी मुद्दाम चालू ठेवता, आणि का?" एवढा एकच प्रश्न दिवसभर पुरतो. यातूनच पुढे आणखी एक बोलणे निघते, ते म्हणजे आरोग्याच्या विषयात पूर्वी येऊन गेलेल्यांना पुन्हा जाहिरात दाखवण्यावर गूगलचे निर्बंध असल्यामुळे हॉस्पिटलवाल्यांना पहिल्याच क्लिकवर सगळी भिस्त ठेवावी लागते, आणि तिथे लँडिंग पेज, म्हणजे क्लिकनंतर उघडणारे पान, किती मोलाचे ठरते.

क्लायंटला समजावण्याचे प्रश्न हाही न आटणारा झरा आहे, आणि त्यात कोणाचेही गुपित फुटत नाही. इतवारीतल्या व्यापाऱ्याने दिवसाचे १,००० रुपये ठरवले आणि एका दिवशी १,९०० गेले, तर तो रात्रीच फोन करतो. एका दिवशी ठरलेल्या बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो, पण महिन्याला ते बजेट गुणिले ३०.४, म्हणजे ३०,४०० रुपयांच्या वर आकारणी होत नाही, हा नियम आपल्याला पाठ असतो. तो व्यापाऱ्याला पटेल अशा भाषेत कसा सांगावा, याची प्रत्येकाची वेगळी तऱ्हा असते आणि ती सांगायला सगळ्यांना आवडते. तसेच जीएसटीचे. आगाऊ रक्कम भरणाऱ्या क्लायंटने १०,००० रुपये टाकले, की १८ टक्के कर त्यातूनच वजा होतो आणि जाहिरातींसाठी सुमारे ८,४७५ रुपये उरतात. बाकीचे पैसे तुम्हीच घेतलेत का, असे विचारणारा क्लायंट ज्याला भेटला नाही, असा नागपुरातला जाहिरातदार मला अजून भेटायचा आहे. अशा प्रश्नांवर नवखेही बोलतात, कारण त्याला तांत्रिक अधिकार लागत नाही.

पहिला तास आणि पहिले उत्तर

प्रश्न टाकल्यावर पहिल्या तासात एखादे तरी उत्तर आले नाही, तर तो वर सरकून जातो आणि मग त्याला कोणी हात लावत नाही. म्हणून प्रश्न टाकण्यापूर्वी त्या धंद्यातला अनुभव असलेल्या एक-दोन सदस्यांना खासगीत कळवून ठेवावे: "ताई, तुम्ही दोन वर्षे क्लासेसचे काम पाहता, संध्याकाळी एक प्रश्न टाकतो आहे, वेळ झाला तर दोन ओळी लिहा." यात लबाडी काही नाही, कारण मत त्यांचेच असते. खोट्या नावाने दुसरा नंबर घेऊन स्वतःच्या प्रश्नाला स्वतःच उत्तर देणे मात्र कटाक्षाने टाळावे. लहान शहरात ते चार दिवसांत उघडे पडते.

नाव घेऊन विचारायचे असेल तर कारणासह विचारावे. "सर, आपले मत?" असे म्हणून ज्येष्ठाला ओढले की तो संकोचतो किंवा व्याख्यान देतो. "सर, आपण लॉनचे बुकिंग पाहता, तिथे फोन आणि फॉर्म यांत तुम्हाला काय जास्त खात्रीचे वाटते?" असे विचारले की त्याला नेमके काय सांगायचे ते कळते. ज्येष्ठांबाबत आणखी एक गोष्ट पाळावी. त्यांनी पहिल्याच उत्तरात निकाल दिला की बाकीचे गप्प होतात. त्यांना आधीच विनंती करून ठेवावी की सुरुवातीला निकालाऐवजी एखादा प्रतिप्रश्न टाकावा, आणि आपले मत दोन-तीन जण बोलून झाल्यावर द्यावे.

व्हॉट्सअॅपच्या मतदानात बारा पर्याय देता येतात, पण तीनपेक्षा जास्त देऊ नयेत. मतदानाचा उपयोग मते मोजण्यापेक्षा दार उघडण्यासाठी अधिक आहे: मॅन्युअल बोली निवडणारे कोण आणि टार्गेट सीपीए (एका कन्व्हर्जनचा खर्च ठरवून बोली गूगलवर सोडणे) निवडणारे कोण हे कळले, की त्यांतल्या अल्पमतातल्या एकाला कारण विचारावे. बहुमतात असलेल्याला विचारले तर "सगळेच करतात म्हणून" असे उत्तर मिळते.

वेळेबद्दल फार सांगण्यासारखे नाही. महिन्याचे पहिले काही दिवस सगळे अहवालांत बुडालेले असतात, ते सोडावेत. बाकी ग्रुप कधी जागा असतो हे जुने संदेश पाहिले की कळते.

वाद पेटला तर तो लगेच विझवू नये. हाताने बोली लावावी की गूगलवर सोडावी, हा वाद प्रत्येक ग्रुपमध्ये होतो आणि तो बहुधा दोन वेगवेगळ्या आकारांच्या अकाउंटमधला असतो. अॅडमिनने दोन्ही बाजूंना एवढेच विचारावे की तुमच्या अकाउंटमध्ये महिन्याला कन्व्हर्जन किती येतात आणि तुम्ही कन्व्हर्जन कशाला म्हणता, फोन वाजला त्याला की गिऱ्हाईक दुकानात आले त्याला. बरेचदा वाद तिथेच नव्या आणि अधिक कामाच्या प्रश्नात बदलतो.

कुठे थांबवावे

काही बोलणे मात्र थांबवावेच लागते. प्रतिस्पर्धी एकत्र बसलेले असताना "आपण एकमेकांच्या ब्रँड नावावर बोली लावायची नाही" किंवा "महिन्याच्या फीचा दर सगळ्यांनी इतकाच ठेवायचा" असे प्रस्ताव कधीतरी येतातच, आणि मांडणाऱ्याचा हेतू वाईटही नसतो. पण स्पर्धा कायदा, २००२ चे कलम ३ स्पर्धेला बाधक करारांना मनाई करते, आणि लेखी संदेश हा पुरावाच असतो. ज्याने त्याने आपापल्या फीचा हिशोब कसा मांडतो हे सांगावे, सर्वांनी मिळून दर ठरवू नये. दुसऱ्याच्या ट्रेडमार्कवर बोली लावणे योग्य की नाही, ही चर्चा मात्र खुशाल होऊ द्यावी. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये म्हटले आहे की ट्रेडमार्क नुसता कीवर्ड म्हणून वापरल्याने, ग्राहकाची दिशाभूल होत नसेल तर, आपोआप हक्कभंग होत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे. नोकरीचे संदेश आणि बंद पडलेल्या अकाउंटच्या तक्रारी व्हॉट्सअॅप कम्युनिटीतल्या वेगळ्या ग्रुपमध्ये हलवाव्यात. जाहिरातींचे कूपन विकणाऱ्यांना काढून टाकावे.

रविवारी कोणीतरी एकाने आठवड्याच्या चर्चेचा गोषवारा लिहावा, आणि हे काम आळीपाळीने नवख्यांकडे द्यावे. गोषवाऱ्यात काय ठरले याइतकेच काय ठरले नाही तेही लिहावे, कारण पुढच्या आठवड्याचा प्रश्न तिथेच सापडतो. ज्याने प्रश्न विचारला होता त्याला तीन-चार आठवड्यांनी निकाल विचारावा. कूलरवाल्याने भाड्याचे शोध वगळले, मग बजेटमुळे गमावलेला हिस्सा किती उतरला? हा दुसरा संदेश पहिल्यापेक्षा जास्त बोलके उत्तर आणतो, कारण आता ज्यांनी सल्ला दिला त्यांचाही त्यात जीव गुंतलेला असतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोह्यांवर भेटावे. एकदा समोरासमोर भेटलेल्या प्रतिस्पर्ध्याशी बोलताना माणूस आकडे थोडे कमी लपवतो.

एवढे करूनही एखादा प्रश्न तसाच पडून राहतो. त्याला वर आणण्यासाठी "कोणीच बोलत नाही?" असे लिहू नये. एक दिवस जाऊ द्यावा, प्रश्न निम्मा करावा, आकडा एकच ठेवावा, आणि तो ग्रुपमध्ये पुन्हा टाकण्याआधी ज्याचा त्या धंद्याशी रोजचा संबंध आहे अशा एकाला फोन करून विचारावे की यात नेमके काय कळले नाही. तो जे सांगेल त्यावरूनच प्रश्न नव्याने लिहावा.